अढीची ऊब

एप्रिल लागला की आमच्या जुईनगरच्या घरात दोन वास नांदायला लागतात. एक आप्पांच्या पलंगाखालच्या पेंढ्याचा आणि दुसरा दाराबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या बुटांचा. पेंढ्यात आंबे असतात आणि बुटांना कुठल्या तरी जळालेल्या गोडाऊनची ओली राख असते. आई दोन्हींवर सारखीच वैतागते. लोकांचा सीझन आंब्याचा, तुझा आगीचा, आणि झाडू मात्र माझ्या हातात, असं ती दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी ते खरं असतं.

यंदा या दोन वासांच्या जोडीला एक फॉर्म आलाय. आगीच्या कारणांचा तपास करणाऱ्या तज्ज्ञांची यादी बनतेय. कोर्टात साक्षीची वेळ आली तर त्या यादीतल्या माणसाला बोलावणार. माझं नाव कुणीतरी सुचवलं, म्हणून फॉर्म माझ्याकडे. नाव, पत्ता, पदवी, सगळं कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत भरून झालं. तिसऱ्या पानावर मात्र मी आठवडाभर अडकून बसलेय. तिथे लिहिलंय 'व्यावसायिक पार्श्वभूमी', आणि खाली चार ओळी मावतील एवढी चौकट.

या चौकटीशी माझं जुनं वैर आहे. सोळा वर्षं मी या धंद्यात आहे, आणि जितक्या मीटिंगांना बसले तितक्या वेळा कुणीतरी पाण्याची बाटली उघडत मला विचारलंय, "मॅडम, तुमचं बॅकग्राउंड काय?" शेजारी बसलेल्या पुरुषाला हा प्रश्न येत नाही. त्याला विचारतात, किती वर्षं झाली लाइनमध्ये. म्हणजे तो लाइनमध्ये आहे हे धरूनच चाललेलं असतं, मी मात्र कुठून तरी उगवलेली असते. पूर्वी मी घाईघाईने उत्तर द्यायचे, बी.ई. फायर, नागपूर, फर्स्ट क्लास. आता देत नाही. आता मी आधी त्यांच्या बाटलीचं झाकण लागेपर्यंत थांबते.

हा सीझन मला लहानपणापासून पाठ आहे. होळी झाली की पारसिकच्या डोंगरावरचं गवत पिवळं पडतं आणि एखाद्या संध्याकाळी डोंगराच्या अंगावर केशरी रेघ सरकताना दिसते. लोक गॅलरीत येऊन तिचे फोटो काढतात. जयंतीच्या निळ्या पताका उन्हाने फिकट व्हायला लागतात, तोवर वाशीच्या एपीएमसी मार्केटला कोकणातल्या पेट्यांच्या गाड्यांवर गाड्या लागलेल्या असतात. लाकडाचा वास, पेंढ्याचा वास, पिकायला टेकलेल्या आंब्याचा वास आणि माणसांच्या घामाचा वास. या चौथ्या वासाबद्दल आंब्यावर लिहिणारे लोक सहसा बोलत नाहीत.

तो घाम माझ्या आप्पांचा होता. जालन्याकडचं गाव सोडून ते इकडे आले तेव्हा अंगात ताकद होती आणि दुसरं काही नव्हतं. मार्केटला ते माथाडी म्हणून लागले. पाठीवर पेट्या वाहायच्या, गाडी रिकामी करायची, गाळा भरायचा. पण एक काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं आणि नेमकं तेच त्यांना सगळ्यांत चांगलं यायचं. गाळ्याच्या मागच्या अंगाला पेंढ्यात आंब्याची अढी लावलेली असायची. शेठ हाक मारायचा, "आप्पा, जरा बघ रे." आप्पा बाही वर सारून कोपरापर्यंत हात अढीत घालायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, परवा उघडा. किंवा, आज सांजच्यालाच उघडा, मधला थर तापलाय, उद्या पानी सुटंल. ते चुकल्याचं मला आठवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचे तेव्हा माझाही हात धरून आत घालायचे. कडेला गार, मधे ऊब.

"कळली का?"

"कळली."

"कुठनं सुरू होती?"

"मधून."

"हां. ध्यानात ठिव."

ठेवलं होतं ध्यानात. पण परीक्षेला न येणाऱ्या गोष्टी आपण जिथे ठेवतो तिथे ठेवलं होतं.

आमचा धंदा मोठा मजेशीर आहे. माझ्यासारखे मोजके कॉलेजातून येतात, बाकी सगळे आडवाटेने आलेले. कुणी जहाजावर होता, कुणी केमिकल प्लांटवर, कुणी आयुष्यभर आगी विझवल्या आणि रिटायर झाल्यावर त्या कशा लागल्या ते शोधायला लागला. सीबीडी बेलापूरच्या ज्या छोट्या ऑफिसात मी पहिल्यांदा लागले, तिथे असे दोघं होते. मालक लेले सर, इलेक्ट्रिकल इंजिनियर, तीस वर्षं स्विचगियरमध्ये मुरलेले. आणि पाटीलकाका, फायर ब्रिगेडमधून निवृत्त. जळालेल्या खोलीत शिरलं की लेले सर आधी वर बघायचे, वायरिंगकडे. पाटीलकाका खाली बघायचे, पाणी कुठून मारलं आणि कुठे गेलं ते. मी दोघांच्या मधे उभी राहून दोघांच्या नजरेमागे मान फिरवायचे. माणूस जे शिकलेला असतो तेच त्याला राखेत सापडतं. हे वाक्य माझं आहे, आणि ते मला फार महाग पडलेलं आहे.

इंटरव्ह्यूला लेले सरांनी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणाले, "मार्केटमध्ये असतात. ट्रेडिंग लाइनला." आप्पा आणि ट्रेडिंग. त्या दिवशी आप्पांनी खाडा करून मला बेलापूरपर्यंत सोडलं होतं आणि खाली रसवंतीवर बसले होते, पाठीला पेटीचे वळ घेऊन. मी खाली आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस सांगून ठेवला होता. तो मी प्यायले. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात, आणि ते तापावेत असंच मला वाटतं.

सरांनी मला शिकवलं खूप, ते मी नाकारणार नाही. जळालेल्या जागेत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, कशालाही शिवायचं नाही. कमी जळालेल्या बाजूने जास्त जळालेल्या बाजूकडे जायचं. राख चाळायला रव्याची चाळण सगळ्यांत चांगली, दुकानात मिळणारी महागडी नको. आईच्या दोन चाळण्या मी अशा वाया घालवल्या. तिसरी तिने कुलपात ठेवली.

तर तेरा वर्षांपूर्वीचा हा सीझन. तळोज्याला लाकडी दरवाजे बनवणारी एक कंपनी होती. मे महिन्यातल्या एका रविवारी, कंपनी बंद असताना, तिचं पॉलिशचं शेड जळालं. वॉचमन पाणी मारायला धावला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. सोमवारी कंपनीने आमच्या ऑफिसला बोलावलं. लेले सर मुलाच्या ॲडमिशनच्या धावपळीत होते. म्हणाले, "सुजाता, तू जा. आता एकटीने बघायला शीक." माझी पहिली स्वतंत्र केस. मी रात्री बूट पॉलिश करून ठेवले होते, म्हणजे बघा.

शेडचं छप्पर खाली आलेलं. पत्र्याखाली अजून धग होती. मी दहा मिनिटं हात बांधून उभी राहिले, आणि मग वर बघितलं. सरांसारखं. कोपऱ्यात भिंतीवरून आलेली केबल तुटलेली होती आणि तिच्या टोकाला तांब्याचा एक मणी लटकत होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. वायरीला वायर लागून ठिणगी पडली की तांबं वितळून असा मणी होतो. पुस्तकात त्याचा फोटो असतो. मला तर हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. जागेवर आणखी एक गोष्ट मला जाणवली होती, तीही सांगून टाकते. एक वास होता. करपलेल्या जवसाच्या चटणीचा. आमच्या घरी जवसाची चटणी आठवड्याला होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पण रिपोर्टमध्ये 'चटणीचा वास' कसं लिहायचं? मी नाही लिहिलं. लिहिलं ते एवढंच: आगीचं कारण शॉर्ट सर्किट, सदोष वायरिंग. खाली माझी सही.

आपल्याकडे शॉर्ट सर्किट म्हणजे सर्दीला 'हवा बदलली' म्हणण्यातला प्रकार आहे. एकदा म्हटलं की सगळे घरी जायला मोकळे. कंपनीला तर ते सोयीचंच होतं, कारण वायरिंग बाहेरच्या माणसाने केलेलं, म्हणजे दोष बाहेरचा. सरांनी रिपोर्ट वाचून माझ्या पाठीवर थाप दिली.  पाटीलकाकांनी फक्त विचारलं, "जमीन बघितलीस का गं?" मी हो म्हणाले. खरं तर जमिनीवर पत्रे पडले होते आणि ते मी उचललेच नव्हते.

आठ दिवसांनी तो बाहेरचा माणूस ऑफिसात आला. हरिश्चंद्र भोईर, तळोज्याजवळच्याच गावचा, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. हातात प्लॅस्टिकची फाइल आणि तिच्यात त्याचा वायरमनचा परवाना. सगळे त्याला हरीदादा म्हणायचे, मीही मग म्हणू लागले. पोलिसांनी त्याला तीनदा बोलावलं होतं. वॉचमनचे हात भाजलेत, तेव्हा निष्काळजीपणाची केस होणार. परवाना का रद्द करू नये म्हणून नोटीस आलेली. ज्या कंपन्यांत तो वीस वर्षं जात होता त्यांच्या गेटवर त्याला आत सोडेनात. हे सगळं माझ्या एका सहीवर उभं होतं.

तो भांडला नाही. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, वायर मीच वढली हाय. लपवत नाय. पन ती वायर आगीनं जलली. तिनं आग नाय लावली."

"दादा, मणी सापडलाय तिथे."

"मनी सापडनारच ना. करंट चालू व्हता. वरचा रबर जलला, तांबा तांब्याला लागला, मनी झाला. पन रबर आधी कशानं जलला, ता बगा."

आता काय सांगू. त्या माणसाने दोन वाक्यांत मला अख्खा धडा शिकवला होता आणि मी त्याला काय म्हणाले? मी म्हणाले, "दादा, मी इंजिनियर आहे."

त्याने फाइलीचं बटण लावलं. "मी वायरमन हाय," तो म्हणाला आणि गेला. मला माझं उत्तर तेव्हा चोख वाटलं होतं.

त्या रविवारी घरी आप्पांनी पलंगाखालची अढी बाहेर ओढली. सीझन संपत आलेला, शेवटचे आंबे. स्वयंपाकघरात आई जवस भाजत होती आणि नेमकं शेजारीण दाराशी आल्यामुळे ते करपले. वास बाहेरच्या खोलीत आला. मी आप्पांशेजारी जमिनीवर बसले होते आणि सवयीने हात पेंढ्यात घातला होता. कडेला गार. मधे ऊब. आणि नाकात करपलेला जवस. तळोज्याच्या शेडमध्ये मला आला होता तो हाच.

"आप्पा," मी विचारलं, "गावाकडे कडब्याची गंजी आपोआप पेटते म्हणायचात ना?"

"पेटती की. भिजला कडबा रचला की पोटातनं पेटती. भायेरनं कळत बी न्हाई. म्हातारी मानसं गंजीत लोखंडाची पहार खुपसून ठिवायची. सकाळी पहार काढून हात लावायचा. चटका बसला की गंजी मोडायची, पसरून टाकायची."

"आणि तेलाच्या चिंध्या असल्या तर?"

"त्ये मला काय म्हाईत. पन ऊब धरंल असं काय बी दाबून ठिवू न्हाई."

आई आतून म्हणाली, "जवसाचं तेल का? ते लावलेलं फडकं वाळून कडक होतं बघ. खोबऱ्याच्या तेलाचं होत नाही."

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. अर्धं पान होतं त्यावर, तीन मार्कांना. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवा पितं, आणि पिता पिता तापतं. फडकं दोरीवर टाकलं तर ऊब निघून जाते. बोळे करून डब्यात दाबले तर ऊब आत कोंडते, वाढत जाते, आणि कुणी काडी न लावता आतून पेटतं. तीन मार्क मला मिळालेही होते. पण राखेत उभी असताना ते पान माझ्या कामाला आलं नाही. मी सरांचे डोळे लावून आत शिरले होते आणि माझं नाक, माझा हात घरी ठेवून आले होते. ट्रेडिंग लाइनच्या मुलीला चटणीचा वास येऊन कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी मी पाटीलकाकांना घेऊन तळोज्याला गेले आणि पत्रे उचलायला लावले. तुटलेल्या केबलच्या बरोबर खाली, पत्र्याने झाकला गेलेला एक लोखंडी ड्रम होता. त्यात पॉलिशच्या चिंध्या. कडेचा थर नुसता तपकिरी, आणि मधोमध पोटापासून तोंडापर्यंत पार कोळसा. काकांनी टोपी मागे सारली. "ही बाहेरून पेटलेली नाही," ते म्हणाले. कामगारांनी सांगितलं, दरवाज्यांना जवसाच्या तेलाचं पॉलिश लावतात, पुसलेल्या चिंध्या ड्रममध्ये टाकतात, दर शनिवारी ड्रम रिकामा होतो. त्या शनिवारी माल पाठवायची घाई होती, ड्रम राहिला. दवाखान्यात वॉचमन म्हणाला, दुपारपासून काहीतरी करपल्याचा वास येत होता, मला वाटलं शेजारच्या कँटीनचा असेल. म्हणजे दुपारभर तो वास हवेत होता आणि कुणीच त्याला विचारलं नाही, मीसुद्धा.

लेले सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, दिलेला रिपोर्ट परत घेणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. तुला नवा द्यायचाच आहे ना? दे. पहिला नव्हताच असं करू. मी कंपनीकडून प्रत मागवून घेतो. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

ते खरंच भल्यासाठी सांगत होते. तेच तर अवघड होतं. रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

"नाही सर," मी म्हणाले. "हरीदादाचं नाव पोलिसांच्या फाइलीत माझ्या त्या रिपोर्टमुळे गेलंय. तो कागद नाहीसा केला तर नाव कशामुळे गेलं ते कुणाला कळणार नाही, आणि नाव मात्र तिथेच राहील. दोन्ही रिपोर्ट जातील. आधी चुकलेला, मग बरोबर, आणि मधे मी कुठे चुकले त्याचं एक पान."

"स्वतःच्या हाताने स्वतःची चूक फाइलला लावणार?"

"हो. माझीच आहे ना?"

सर म्हणाले, तुझा दुसरा कागद वाचणार कोण, लोकांना पहिलाच आवडलाय. हे त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी कंपनीला लिहिलं की तुमच्याच आवारात, तुमच्याच चिंध्या आणि तुमचंच तेल घेऊन मी ड्रम भरून दाखवते, वायर नाही, काडी नाही, तुम्ही समोर बसा. त्यांना वाटलं, बाईची जिरवायची आयती संधी आहे. लगेच हो म्हणाले.

सीझनच्या शेवटच्या गर्दीत आप्पांनी खाडा केला आणि म्हणाले मी येतो. मी नको म्हणणार होते. तोंडापर्यंत आलेलं ते 'नको' मी गिळलं, आणि त्या दिवशी मी केलेलं सगळ्यांत मोठं काम ते होतं, बाकी सगळं त्यानंतरचं. हरीदादाही आला होता, पण गेटबाहेर, कारण त्याला आत सोडत नव्हते.

सकाळी दहाला ड्रम भरला. वाळूच्या बादल्या, पाण्याचा पाइप, आग विझवायचे चार सिलिंडर मी आधीच मांडून ठेवले होते. तापमान मोजायची सळई मधे खुपसली. कंपनीने स्वतःचा एक सल्लागार आणला होता, गॉगलवाला. त्याने खुर्चीत बसता बसता पाण्याची बाटली उघडली आणि विचारलं, "मॅडम, तुमचं बॅकग्राउंड काय?" मी सांगितलं, बी.ई. फायर, नागपूर. "आणि अनुभव?" तीन वर्षं. तो लेले सरांकडे बघून हसला. सर हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ बघितलं.

बारा वाजले. सळईचा आकडा थोडा चढला, मग तिथेच बसला. उन्हाने सगळंच तापलंय, सल्लागार म्हणाला, माझी खुर्चीपण तापलीय. एक वाजता जेवणं झाली. दीड वाजता तो उठायला लागला.  हरीदादाचा परवाना, माझी नोकरी, सगळं त्या ड्रममध्ये होतं आणि ड्रम नुसता उभा होता.

आप्पा तोवर गुलमोहराखाली उकिडवे बसले होते. ते उठले, कुणाला न विचारता ड्रमपाशी आले आणि बाही वर सारली. कंपनीचा माणूस म्हणाला, "ओ काका, लांब व्हा." आप्पांनी लक्ष दिलं नाही. हात चिंध्यांत घातला, जेमतेम मनगटापर्यंत, डोळे मिटले. मग हळूच काढून घेतला.

"ऊब पोटात गेलीया," ते मला म्हणाले. "सळई तुझी कडंला बसलीया. मधी सरकव. आन् ह्या लोकांना सांग, चहा पिऊन जावा."

मी सळई चार बोटं मधे सरकवली. आकडा जो सुटला तो थांबेना. सल्लागार उठला होता तो उभाच राहिला. अडीचच्या सुमाराला वास आला, करपलेल्या जवसाचा, आणि तीनच्या आत ड्रमच्या तोंडातून धुराची बारीक दोरी निघाली.  मी वरचा थर चिमट्याने बाजूला केला तेव्हा आत लाल होतं.

सल्लागाराने गॉगल काढला. "हे कोण?" त्याने आप्पांकडे बघत विचारलं.

"हे माझे वडील," मी म्हणाले. "एपीएमसीला माथाडी आहेत. आंब्याची अढी हाताने ओळखतात. सकाळी तुम्ही मला जे विचारलंत ना, त्याचं उत्तर मी अर्धंच दिलं होतं. हे उरलेलं अर्धं."

लेले सर पुढे आले. त्यांनी ड्रमवर हात धरला, चटकन मागे घेतला, आणि आप्पांकडे बघून मान लववली. तेवढं मी त्यांच्या नावावर ठेवते. पुढच्या महिन्यात ऑफिसला माझी गरज उरली नाही हेही त्यांनी तितक्याच सौजन्याने मला सांगितलं, कारण त्या कंपनीने आणि तिच्या ओळखीच्या दोघांनी त्यांना काम देणं बंद केलं होतं.

हरीदादावर केस झाली नाही. परवाना राहिला. पावसाच्या तोंडाशी तो आमच्या जुईनगरच्या घरी आला, पिशवीत कागदात गुंडाळलेला भलामोठा जिताडा मासा घेऊन. आभार वगैरे त्याने मानले नाहीत आणि मी माफी मागितली ती त्याने पुरी ऐकूनही घेतली नाही.

"मी बोललोच व्हतो," तो म्हणाला.

"हो दादा."

"मंग येवरा उशीर?"

 आईने चहा टाकला. आप्पा आणि तो ओट्यावर जिताडा ठेवून तो कसा कापायचा यावर अर्धा तास बोलत राहिले. एकाची बोली खाडीकडची, दुसऱ्याची जालन्याकडची, पण दोघांचं छान जमलं.

मी मात्र वर्षभर घरी बसले. 'रिपोर्ट फिरवणारी बाई' असं माझं नाव झालं होतं. बेलापूरपासून तळोज्यापर्यंत ते पोचलेलं. फिरवला, होय, फिरवला. ज्यांनी जन्मात एक कागद मागे घेतला नाही ते काही सगळे बरोबर नव्हते, त्यांना फक्त कुणी हरीदादा भेटला नाही. किंवा भेटला आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला अजूनही या नावाने ओळखतात आणि गंमत अशी की अडलेली केस असली की याच नावाने शोधत येतात. येतात तेव्हा मी त्यांच्याकडे आधी वायरमनला भेटायचं म्हणते, मग झाडूवालीला, मग वॉचमनला, आणि सगळ्यांत शेवटी साहेबांना. साहेबांना ते आवडत नाही. न आवडू दे.

आता आप्पा पंचाहत्तरीला आलेत. पलंगाखाली अढी अजून लागते, एकाच पेटीची. आज त्यांनी बाही वर सारून हात आत घातला आणि फार वेळ ठेवला. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत, डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आप्पांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. हात काढून पेंढा झटकत ते म्हणाले, "बग गं जरा तू."

मी घातला. कडेला गार, मधे ऊब, अजून कोवळी.

"परवा," मी म्हणाले.

"परवा," ते म्हणाले, जणू त्यांचंही तेच म्हणणं होतं.

मग मी जमिनीवरच बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती चौकट भरली. मोठ्याने वाचून दाखवलं: "माझे वडील एपीएमसी मार्केटमध्ये हमाल होते. ऊब कुठून सुरू होते हे मी त्यांच्याकडून शिकले. नागपूरला फायर इंजिनियरिंग केलं, फर्स्ट क्लास. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका वायरमनविरुद्ध चुकीचा रिपोर्ट दिला. चूक मला त्यानेच दाखवली होती. दोन्ही रिपोर्ट सोबत जोडत आहे."

आई म्हणाली, असं लिहितात का कुठे फॉर्ममध्ये, तुला घेणार नाहीत. आप्पांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. मला वाटलं त्यांना चुकीच्या रिपोर्टचं खटकलं असेल.

"हमाल खोड," ते म्हणाले.

"का? लाज वाटते?"

"लाज कशाची. चुकीचं लिहू न्हाई म्हनून सांगतो. माथाडी कामगार लिही. नोंदणीकृत. बिल्ला हाय माझा."

मी हमाल खोडून 'नोंदणीकृत माथाडी कामगार' लिहिलं. चौकटीखाली लाल अक्षरं आली, जागा संपली, मजकूर कमी करा. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग नागपूरचं वाक्य काढून टाकलं, आणि सगळं नीट बसलं.